घरात प्रिंटर एक, कॉम्प्युटर तीन : शेअरिंग दुरुस्त करायचं की प्रिंटरच नेटवर्कवर आणायचा?

रात्रीचे साडेदहा वाजलेले. सकाळी सातच्या बॅचला बीजगणिताची चाचणी, चोवीस मुलं, दोन पानांचा पेपर. मी वरच्या मजल्यावर, प्रिंटर खाली मोठ्या भाऊजींच्या टेबलावर, आणि माझ्या लॅपटॉपवर प्रिंटरच्या नावाखाली 'ऑफलाइन'. खाली गेले तर भाऊजी झोपलेले, कॉम्प्युटर बंद. जाऊबाई उठून आल्या. "थांब, मी लावतो की कॉम्प्युटर. पासवर्ड तेवढा मला ठाऊक नाही बघ." त्यांनी बटण दाबलं, लॉगिनचा पडदा आला आणि गाडी तिथंच थांबली. मी वर आले, शेवटचं म्हणून एकदा प्रिंट दिली, आणि खालून रोलर फिरल्याचा आवाज आला. शेअर केलेल्या प्रिंटरला तो कॉम्प्युटर नुसता चालू असला की पुरतं, लॉगिन केलेला असायची गरज नसते, हे त्या रात्री कळलं.

पेपर निघाला, पण प्रश्न राहिलाच. रोज कुणाला तरी उठवायचं का? आहे ते शेअरिंग नीट करून घ्यावं, की प्रिंटरच थेट नेटवर्कवर आणावा? कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आमचं जुनं दुमजली घर, खाली दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, तीन कॉम्प्युटर आणि चार मोबाईल. आम्ही वर्षभरात दोन्ही मार्ग वापरले, मधलेही चाचपून पाहिले. माझं मत आधीच सांगते : घरचा प्रिंटर कुणा एकाच्या कॉम्प्युटरच्या जिवावर ठेवू नये. पण त्यासाठी लगेच दुकान गाठायचीही घाई नको. बिघाड घराच्या नेटवर्कमध्येच असेल, तर नवा प्रिंटरही त्याच जागी अडकेल.

आधी बिघाड कुठं आहे ते शोधा

तीन टेस्ट पेज काढायची, याच क्रमानं. पहिलं प्रिंटरच्याच बटणावरून, कॉम्प्युटरला हात न लावता. ते निघालं नाही तर दोष कागद, टोनर किंवा मशीनमध्ये आहे, नेटवर्कचा काही संबंध नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर कागदच आधी बघा. जुलैमध्ये उघडं पडलेलं रीम ओल धरतं, पानं एकमेकांना चिकटतात आणि दोन-दोन ओढली जातात. उरलेलं रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं की निम्मी अडकाअडकी थांबते.

दुसरं पेज ज्या कॉम्प्युटरला यूएसबीनं प्रिंटर जोडलाय त्याच्यावरून. इथं अडलं तर बहुतेक वेळा एखादी जुनी प्रिंट रांगेत अडकून बसलेली असते आणि पुढच्या सगळ्या तिच्यामागं तुंबतात. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवायचा, विंडोजच्या 'सिस्टम ३२' फोल्डरमधल्या 'स्पूल'च्या आत 'प्रिंटर्स' नावाचं फोल्डर आहे ते रिकामं करायचं, आणि स्पूलर परत सुरू करायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरं पेज दुसऱ्या कॉम्प्युटरवरून. पहिली दोन निघाली आणि हेच अडलं, तर दोष शेअरिंगचा किंवा नेटवर्कचा.

आता दोन्ही कॉम्प्युटरचे आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा त्या मशीनचा पत्ता) कागदावर लिहून शेजारी शेजारी ठेवा. आमच्याकडं खालचा निघाला १९२.१६८.१.७ आणि वरचा १९२.१६८.०.१०१. तिसरा आकडा वेगळा! फायबरवाल्यानं हॉलमध्ये बसवलेला डबा स्वतःच राउटर होता, आणि वर रेंज मिळेना म्हणून आम्ही आणखी एक राउटर लावला होता. त्यामुळं एका घरात दोन नेटवर्क झाली होती. वरून खालचं मशीन आपोआप दिसत नव्हतं, नेमका ॲड्रेस दिला तरच पोचता यायचं. खालून वर तर काहीच जात नव्हतं. इंटरनेट मात्र दोन्हीकडं मस्त चालायचं, म्हणून वर्षभर कुणाला शंकाच आली नाही. वरच्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर (वेगळं नेटवर्क न करता नुसती रेंज पुढं न्यायची) टाकलं आणि घर एका नेटवर्कवर आलं. ज्या राउटरला तो मोड नसतो, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना ॲड्रेस वाटायचं काम) बंद करून, त्याचा ॲड्रेस खालच्या राउटरशी टक्कर होणार नाही असा बदलून, खालून आलेली वायर त्याच्या 'वॅन'च्या (बाहेरून इंटरनेट येतं त्या) ऐवजी 'लॅन'च्या (घरातल्या मशीनसाठीच्या) भोकात घालायची. कोल्हापुरात फायबर आल्यापासून मी ओळखीच्या कितीतरी घरांत हीच जोडणी पाहिली आहे. प्रिंटरवर पैसे घालण्याआधी हे एवढं तपासाच.

कॉम्प्युटरवरून शेअर केलेला प्रिंटर

याची मोठी जमेची बाजू म्हणजे खर्च शून्य. जुना, धडधाकट यूएसबी लेझर प्रिंटर असेल तर तो फेकायला जीव होत नाही, आणि होऊही नये. प्रिंटर जोडलेला कॉम्प्युटर दिवसभर चालूच असतो, घरात ऑफिस आहे, वापरणारे दोघंच आहेत आणि दोघांकडंही विंडोज आहे, अशा ठिकाणी हीच सोय चांगली.

पण ती जपावी लागते. विंडोजमध्ये प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असा शिक्का असतो. राउटर बदलला, वाय-फायचं नाव बदललं की विंडोज ते नवं नेटवर्क धरतं, त्यावर बहुधा 'पब्लिक' शिक्का बसतो आणि शेअरिंग बंद पडतं. घरातल्या वाय-फायला 'प्रायव्हेट' करा, 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा.

त्यानंतरचा अडथळा पासवर्डचा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडताना विंडोज नाव आणि पासवर्ड मागतं, आणि आपण रोज टाकतो तो चार आकडी पिन तिथं ठोकत बसतो. पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. तिथं खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आम्ही शेवटी भाऊजींच्या कॉम्प्युटरवर प्रिंटरसाठी एक वेगळं साधं खातं काढलं, त्याला पासवर्ड दिला आणि तो दोन्ही लॅपटॉपवर एकदाच साठवून ठेवला. भाऊजी लोकांचे आयकराचे रिटर्न भरतात. त्यांचा स्वतःचा पासवर्ड घरभर फिरणं बरं नव्हे.

अपडेटची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण 'काल चालत होतं, आज बंद' या तक्रारीमागं बऱ्याचदा तीच असते. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावानं गाजलेली मोठी सुरक्षेची भगदाडं उघड झाली. ती बुजवणारे अपडेट आले, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर कित्येक ठिकाणी शेअर केलेला प्रिंटर जोडताना शेवटी '११बी' असलेला एरर कोड दिसायला लागला. एका मशीनला अपडेट आहे, दुसऱ्याला नाही, म्हणून दोघांचं जुळत नाही. उपाय म्हणून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) एक आकडा बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यानं प्रिंट निघते, पण बुजवलेलं भगदाड आपण आपल्या हातानं परत उघडतो. त्यापेक्षा दोन्ही मशीन पूर्ण अपडेट करा. एखादं मशीन अजून विंडोज ७ वर असेल तर त्याचा आधार (कंपनीकडून येणारे अपडेट) १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनवर प्रिंटरचं शेअरिंग टिकवायची धडपड मी तरी करणार नाही.

वीजही धरा. डेस्कटॉप फक्त प्रिंटरसाठी चालू ठेवला आणि तो पन्नास वॅट घेतो असं मानलं, तर दहा तासांना अर्धा युनिट, महिन्याला पंधरा. आणि मोबाईलवरून प्रिंट? विंडोजनं शेअर केलेला प्रिंटर फोनला असा सरळ दिसतच नाही. जाऊबाईंना गॅसचं बिल, नातवाच्या शाळेचं पत्रक सगळं फोनवर येतं. त्यांच्यासाठी ही सोय नसल्यासारखीच होती.

मधले मार्ग

काही राउटरना मागं यूएसबीचं भोक असतं, तिथं प्रिंटर लावता येईल असं वाटतं. बऱ्याच राउटरमध्ये ते फक्त पेन ड्राइव्हसाठी असतं. जिथं प्रिंटर चालतो तिथंही स्कॅनर चालेलच असं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याकडं घरोघरी असलेले छोटे लेझर प्रिंटर पान तयार करायचं काम स्वतः करत नाहीत, ते कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरवर (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामवर) सोपवतात. एचपीचा लेझरजेट १०२० घ्या. तो चालू झाला की दर वेळी त्याला लागणारं फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्राम) कॉम्प्युटरकडून पाठवावं लागतं. साध्या राउटरला हे जमत नाही. म्हणून हा मार्ग आपल्या मॉडेलची खात्री करूनच.

घरात इंजिनिअरिंगला असलेलं पोरगं असेल तर रास्पबेरी पाय हा सुंदर मार्ग आहे. तळहाताएवढा बोर्ड, मोजकेच वॅट, त्यावर लिनक्स आणि 'कप्स' ही प्रिंटची व्यवस्था. यूएसबी प्रिंटर त्याला जोडला की तो सगळ्या घराला दिसतो, फोनलासुद्धा. अट एकच, त्या प्रिंटरचा ड्रायव्हर पायच्या प्रोसेसरवर चालणारा मिळायला हवा. १०२० साठी तो आहे. कॅननच्या एलबीपी २९०० साठी कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर नेहमीच्या पीसीपुरता आहे, पायसाठी इतरांनी केलेल्यावर भिस्त ठेवावी लागते. आणि ते पोरगं नोकरीला पुण्याला गेल्यावर कोण बघणार, हेही ठरवून ठेवा.

प्रिंटरच नेटवर्कवर

आम्ही शेवटी इथं आलो. प्रिंटर सरळ राउटरशी जोडलेला, कुणाचाही कॉम्प्युटर बंद असो की चालू. फोनवरून एअरप्रिंट (आयफोनमधली सोय) किंवा मोप्रियानं (अँड्रॉइडमधली) थेट प्रिंट. ड्रायव्हरची कटकटही कमी.

पण यात दोन जाती आहेत, आणि दुकानदार सहसा एकच दाखवतो. स्वस्तातले बहुतेक नुसते वाय-फायचे असतात. 'लॅन'चं भोक असलेला थोडा महाग पडतो. प्रिंटर राउटरजवळ ठेवता येत असेल तर मी डोळे झाकून लॅनवाला घ्यायला सांगेन. यूएसबीची वायर पाच मीटरच्या पुढं भरवशाची नाही, लॅनची शंभर मीटरपर्यंत जाते. आमच्या दगडी भिंतीतून वाय-फाय अर्धं गळून पडतं, वायरला भिंतीचं काही पडलेलं नसतं.

वाय-फायचाच घ्यायचा असेल तर तीन गोष्टी माहीत असू द्या. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्टाच पकडतात. राउटरवर फक्त ५ चा पट्टा चालू असेल तर त्यांना नेटवर्क दिसणारच नाही. पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' नेटवर्कवर प्रिंटर जोडू नका, तिथं राउटर मुद्दामच एका उपकरणाला दुसरं दिसू देत नाही. आणि फायबरवाला डबा बदलून गेला की नव्या डब्यावर जुनंच वाय-फायचं नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवून घ्या, म्हणजे प्रिंटरला काही शिकवावं लागत नाही.

दोन्ही जातींना एक रोग सारखाच : प्रिंटर चालू, वाय-फाय चालू, तरी 'ऑफलाइन'. आमच्याकडं हे लाईट जाऊन आली की व्हायचं. राउटर प्रत्येक उपकरणाला ॲड्रेस वाटतो, आणि लाईट आल्यावर प्रिंटरच्या वाट्याला कधी कधी वेगळा ॲड्रेस येतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच दारावर थापा मारत बसतो. इलाज कायमचा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरच्या मॅक ॲड्रेससाठी (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक आयपी राखून ठेवायचा, आणि विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना 'टीसीपी-आयपी पोर्ट' निवडून तोच ॲड्रेस घालायचा. तरी 'ऑफलाइन' दाखवत असेल तर त्या पोर्टच्या सेटिंगमधली 'एसएनएमपी स्टेटस'ची (प्रिंटरची खुशाली विचारत राहायची सोय) खूण काढून बघा. 'विंडोजनं डिफॉल्ट प्रिंटर ठरवावा' ही सोयही बंद करा, नाहीतर तुमची प्रिंट भलत्याच प्रिंटरच्या रांगेत जाऊन पडते.

लाईटवरूनच सांगते, राउटर खुशाल इन्व्हर्टरवर ठेवा, पण लेझर प्रिंटर यूपीएसवर नको. फ्यूजर (टोनर कागदावर पक्का करणारा गरम भाग) तापवताना तो एकदम शेकड्यांनी वॅट ओढतो, घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसचा तो घास नव्हे.

शाहूपुरीत, नागाळा पार्कात तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा घरात आली तेव्हा सामान वर न्यायला मिळालेला वेळ आठवा. वाय-फायचा प्रिंटर एकटाच उचलून माडीवर ठेवला, सॉकेटला लावला की चालू. यूएसबीवाल्याबरोबर आख्खा कॉम्प्युटर आणि टेबल हलवावं लागतं.

मग कुणी काय करावं

महिन्याला वीसएक पानं लागत असतील तर कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकानच बरं. क्वचित वापरलेल्या इंकजेटची शाई सुकून नोझल बंद पडतात. फक्त आधार कार्ड आणि बँकेचं स्टेटमेंट दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवलंत, तर प्रिंट हातात घेऊन त्याच्यासमोरच ते डिलीट करायला सांगा.

जुना लेझर नीट चालतोय, दोन विंडोज मशीन आहेत, दोन्ही अपडेट होतात, तर शेअरिंगच दुरुस्त करा. घरात फोन जास्त, कॉम्प्युटर कमी, किंवा प्रिंटर लागणारी माणसं वेगवेगळ्या वेळी जागी असतात, तर नेटवर्कचा घ्या, जमलं तर लॅनचा.

आमचा नवा प्रिंटर जिन्याखाली राउटरशेजारी आहे. जुना भाऊजींच्या टेबलावरच ठेवला, यूएसबीनं, फक्त त्यांच्यासाठी. नव्याच्या झाकणावर मी पट्टी चिकटवली आहे : राखून ठेवलेला आयपी ॲड्रेस, वाय-फायचं नाव आणि टोनरचा नंबर. परवा जाऊबाईंनी फोनवरून पत्रक काढलं आणि पान हातात घेऊन वर ओरडल्या, "अगं, निघालं की गं! तू खाली येऊ नकोस."