लोखंडी कूलर, 18 इंची पंखा: नागपुरात पैसे वसूल, मुंबईत नुसता दमटपणा

पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली टाकी, वरून पाणी सोडणारी पन्हळ आणि आत 18 इंची पंखा. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळा लागला की खिडकीबाहेर स्टँडवर चढतो तो हाच. मशीन साधं आहे. पण ते किती गार करेल हे बनवणाऱ्याच्या हातात नाही, तुमच्या गावच्या हवेच्या हातात आहे.

घ्यायच्या आधी एवढं करून बघा. हवेचं तापमान मोजणाऱ्या तापमापकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा, पंख्यासमोर धरा आणि आकडा खाली सरकायचा थांबला की वाचा. त्याच्या खाली कूलरची हवा जात नाही. बाहेर 43 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर हा आकडा 25च्या आसपास येतो. चांगल्या भिजलेल्या ताट्या मधल्या 18 अंशांपैकी जवळपास 80 टक्के अंतर कापतात, म्हणजे 28-29 अंशांची हवा मिळते. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर फडकंच 28च्या वर थांबतं. कूलरमधून 29-30ची हवा येते, तीही इतकी ओली की अंगावरचा घाम वाळत नाही. तिथे साधा पंखा बरा.

आता बर्फाच्या कप्प्याबद्दल, कारण दुकानदार त्याचेच जास्त पैसे लावतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. एक किलो बर्फ वितळून त्याचं पाणी 25 अंशांवर येईपर्यंत जेमतेम 440. म्हणजे दोन किलो बर्फाचं काम अर्ध्या लिटरपेक्षा कमी पाणी उडून करतं, आणि हा कूलर भर उन्हात तासाला दहा लिटर पाणी सहज पितो. गच्चीच्या टाकीतलं चटका देणारं पाणी टाकलं तरी फारसा फरक पडत नाही, ताट्यांवरून फिरता फिरता तेही फडक्याच्या आकड्याकडे येतं.

‘खोलीत चिकचिक होते’ ही तक्रार बहुतेक वेळा कूलरची नसते. समोरची खिडकी बंद असते. आलेली ओली हवा बाहेर जायला वाट हवी; एसीच्या सवयीनं दारं लावून घेतली की तासाभरात घुसमट.

बोअरच्या पाण्याचा त्रास मात्र खरा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पन्हळीची भोकं बुजली की ताटीवर कोरडे पट्टे दिसतात आणि त्या पट्ट्यांतून गरम हवा थेट आत येते. भोकं तारेनं मोकळी करा, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून घासा. डासांच्या अळ्याही त्यातच निघून जातात. गवत दर हंगामाला बदलावं लागतं. हनीकोंब पॅड (गवताऐवजी लावायचे, मधाच्या पोळ्यासारखे भोकाभोकांचे कागदी पॅड) जास्त टिकतात, पण खाऱ्या पाण्यात त्यांच्यावर चढलेला थर सहज निघत नाही.

चालू करताना आधी दहा मिनिटं नुसता पंप, मग पंखा. बंद करताना उलट: पंप आधी बंद, पंखा पंधरा मिनिटं चालू ठेवून ताट्या वाळू द्या, कुबट वास येणार नाही.

तीन पिनांची वायर आणि चालू अर्थिंग नसेल तर पत्र्याचा घेऊच नका, प्लॅस्टिकचा घ्या. आणि बॉडी कुठलीही असो, पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा.