मेंदूसाठी हर्बल चहा: अमिनो आम्ले नेमकी कोणत्या कपात?

‘मेंदूला पोषक अमिनो आम्ले’ असे पाकिटावर लिहिले असले, तरी निवड करणाऱ्याने आधी घटकांची यादी वाचावी आणि त्यात चहाच्या झाडाचे पान आहे की नाही, एवढेच पाहावे. या संदर्भात ज्याचे नाव सर्वाधिक घेतले जाते ते एल-थियानिन प्रामुख्याने याच झाडात तयार होते. कॅमोमाइल, पुदिना किंवा ब्राह्मी यांच्याकडून त्याची अपेक्षा करणे चुकीचे आहे.

१९४९ साली जपानमध्ये ग्योकुरो या हिरव्या चहातून थियानिन प्रथम वेगळे करण्यात आले. ते झाडाच्या मुळांत बनते, तेथून पानांत चढते आणि उन्हात त्याचे रूपांतर कॅटेचिनांत (चहाला तुरटपणा देणाऱ्या घटकांत) होऊ लागते. म्हणूनच तोडणीपूर्वी सावलीत वाढवलेल्या ग्योकुरो आणि माचा यांच्या पानांत ते अधिक शिल्लक राहते. पोटात गेल्यावर ते रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचते, ही त्याची खरी जमेची बाजू. मात्र प्रयोगांत बहुधा १०० ते २०० मिलिग्रॅम थियानिन, अनेकदा कॅफिनच्या जोडीने, दिले जाते आणि साध्या चहाच्या एका कपात ते साधारण ५ ते २५ मिलिग्रॅमच उतरते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये थियानिनमुळे आकलनशक्ती सुधारते हा दावा सिद्ध मानला नाही, आणि मला ती सावधगिरी योग्य वाटते.

गाबा (मेंदूतील चेतापेशींची उत्तेजना कमी करणारे एक अमिनो आम्ल) वाढवलेला ‘गाबा चहा’ हाही त्याच झाडाचा. ताजी पाने नायट्रोजनमध्ये, म्हणजे प्राणवायूविना, ठेवली की त्यांतील ग्लुटामिक आम्लापासून गाबा तयार होते. शंभर ग्रॅम सुक्या पानांत ते १५० मिलिग्रॅम धरले, तर तीन ग्रॅम पानांच्या कपात जेमतेम साडेचार मिलिग्रॅम येईल. शिवाय गाबा रक्तातून मेंदूत फारच कमी शिरते. केवळ या नावासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

खऱ्या अर्थाने हर्बल म्हणावेत अशा काढ्यांची गोष्ट वेगळी आहे. कॅमोमाइलमध्ये एपिजेनिन, लेमन बाममध्ये रोझमॅरिनिक आम्ल, ब्राह्मीत बॅकोसाइडे असतात. यांपैकी एकही अमिनो आम्ल नाही (रोझमॅरिनिकच्या नावात ‘आम्ल’ असले तरी). ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल अशा काढ्यांतून मिळते, हा दावा तर अधिकच तोकडा: साठ किलो वजनाच्या प्रौढाला रोज सुमारे २४० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन लागते आणि ते जेवणातील प्रथिनांतून मिळते, गाळून घेतलेल्या पाण्यातून नव्हे.

तेव्हा दिवसा एकाग्रतेसाठी काही हवे असेल आणि कॅफिन सोसत असेल, तर हिरवा किंवा काळा चहा घ्यावा. पानाची पूडच पोटात जात असल्याने माचा त्याहून सरस. कॅफिन सोसत नसेल, तर कॅफिन काढलेल्या चहात थोडे थियानिन उरते. रात्री झोपेपूर्वी कॅमोमाइल चांगलाच आहे, फक्त तो अमिनो आम्लांसाठी घेऊ नये. गिंको ही वनस्पती असलेले मिश्रण मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.