इतिहासाच्या प्रकल्पासाठी 'टायटॅनिक इन्क्वायरी प्रोजेक्ट' कसं आहे?

प्रकल्पासाठी साधनं, म्हणजे जुने कागद, साक्षी, अहवाल, गोळा करायला मुलांना फारसा वेळ लागत नाही. घोडं अडतं ते पुढे. हे कोण बोललं, कधी बोललं, कुणासमोर बोललं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. इतिहास शिकवताना साधनांची चिकित्सा मुलांच्या अंगवळणी कशी पाडायची, हा माझा जुना प्रश्न आहे. त्यासाठी हे संकेतस्थळ मला फार उपयोगी पडलं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

15 एप्रिल 1912 च्या पहाटे टायटॅनिक बुडालं. त्यानंतर दोन चौकश्या झाल्या. एक अमेरिकेच्या सिनेटची, विल्यम आल्डन स्मिथ यांच्या अध्यक्षतेखाली, आणि दुसरी ब्रिटनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्यासमोर. दोन्ही चौकश्यांमधली प्रश्नोत्तरं आणि अंतिम अहवाल या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मांडणी जुनाट आहे, पण साक्षीदाराच्या नावावरून थेट त्याच्या साक्षीवर जाता येतं. ब्रिटिश चौकशीत 25 हजारांहून जास्त प्रश्न विचारले गेले आणि प्रत्येकाला क्रमांक आहे, त्यामुळे मुलांना संदर्भ नेमका देता येतो.

आता खरी मौज. जहाज बुडताना दुभंगलं का, एवढा एकच प्रश्न घ्या आणि दोन साक्षी शेजारी ठेवा. चार्ल्स लाइटोलर हा टायटॅनिकवरचा सेकंड ऑफिसर, वाचलेल्या अधिकाऱ्यांमध्ये सगळ्यात वरिष्ठ. 19 एप्रिललाच, म्हणजे बुडाल्यानंतर चार दिवसांत, न्यूयॉर्कमध्ये त्याने सांगितलं की जहाज पूर्णपणे अखंड होतं. एडवर्ड ब्यूली हा साधा खलाशी. त्याने बचावनौकेतून पाहिलेलं सांगितलं: जहाज मोडलं, पुढचा भाग गेला, मागचा भाग पुन्हा वर येऊन काही मिनिटं तरंगत राहिला. 'कुणावर विश्वास ठेवाल?' असं विचारलं की बहुतेक मुलं अधिकाऱ्याकडे वळतात. तो जाणकार, वरिष्ठ, शिवाय अगदी जवळ होता. मर्सींच्या अहवालानेही जहाज मोडलं नाही असंच म्हटलं. 1985 मध्ये समुद्रतळाशी अवशेष सापडले ते दोन तुकड्यांत, एकमेकांपासून सुमारे 600 मीटरवर.

इथे घाईने 'अधिकारी खोटं बोलला' असं लिहू देऊ नये. रात्र बिनचंद्राची होती, जहाजावरचे दिवे विझले होते आणि लाइटोलर स्वतः पाण्यात पडून एका उलट्या नौकेला धरून होता. जवळ असणं आणि नीट दिसणं यात फरक असतो. पण त्याची नोकरी जहाजाच्या मालक कंपनीतच होती, हेही विसरून चालणार नाही. 1935 मध्ये छापलेल्या आठवणींत त्यानेच लिहिलं की ब्रिटिश चौकशीत सारवासारव करावी लागली होती. माणूस तोच, पण 1912 ला तो शपथेवर, नोकरीत असताना बोलतो आणि 1935 ला निवृत्तीनंतर लिहितो. ही दोन वर्षं समोरासमोर ठेवली की कथनाचा काळ आणि कथन करणाऱ्याचा हितसंबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

विचारणारा कोण, हेही इथे पाहायला मिळतं. ब्रिटिश चौकशी ब्रिटनच्या व्यापार मंडळाच्या (बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याच्या) मागणीवरून झाली, आणि बचावनौकांचे नियमही त्याच मंडळाचे होते. टायटॅनिकवर 20 नौका होत्या, त्यांत 1,178 माणसं मावली असती. नियमाला तेवढ्याही लागत नव्हत्या. हे माहीत असलेल्या मुलाचे प्रश्न एकदम धारदार होतात.

उणिवा आहेत. मजकूर पुन्हा टंकलेला आहे, मूळ छापील पानांची चित्रं नाहीत. म्हणून महत्त्वाचं अवतरण घ्यायचं असेल तर ते शासकीय छापील प्रतीशी ताडून पाहावंच. साक्षीदाराची ओळख अगदी त्रोटक मिळते, ती दुसरीकडून जमवावी लागते. जहाजाच्या भागांची इंग्रजी नावं ठाऊक नसतील तर पहिली साक्ष वाचताना दमछाक होते; जहाजाचा आराखडा शेजारी ठेवला की निभावतं.

आणखी एक गोष्ट संकेतस्थळ आपणहून सांगत नाही, पण साक्षीदारांची यादी वाचली की कळते. ब्रिटिश चौकशीत तिसऱ्या वर्गाचा एकही प्रवासी बोलावला गेला नाही. प्रवाशांपैकी साक्ष झाली ती सर कॉस्मो डफ गॉर्डन, त्यांची पत्नी आणि कंपनीचे प्रमुख इस्मे यांची. तरीही तिसऱ्या वर्गावर अन्याय झाला नाही असा निष्कर्ष अहवालात निघाला. अमेरिकेच्या चौकशीत मात्र डॅनियल बकली हा आयरिश तरुण भेटतो. वर जाणाऱ्या माणसाला खलाशाने खाली ढकललं आणि फाटक बंद केलं, असं तो सांगतो. माझ्याकडे प्रकल्पाला येणाऱ्यांना मी ही साक्ष आधी वाचायला देतो आणि मग ब्रिटिश अहवालातला तो परिच्छेद.