तिसऱ्या रेल्वे गेटाजवळचं मॅचवालं हॉटेल आणि तिथला फळा

हॉटेलला पाटी नाही. बेळगावच्या टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटाच्या आसपास 'मॅचवाले मामा कुठं?' म्हणून विचारलं की कोणीही दाखवतं. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत खेळ शिकवते आणि मुलींचा फुटबॉल संघ बघते. मुलींना मोठ्या पडद्यावर मॅच दाखवायची होती, तीही अशा जागी जिथं त्या निवांत बसतील. तशी जागा मिळाली, म्हणून हे लिहिते आहे.

आधी खाण्याचं. मिरची भजी आणि फोडणीचे चुरमुरे, हे इथलं खरं खाणं. भजी तेलकट नसतात, मिरची मात्र झणझणीत, लहान मुलांना देऊ नका. चहा आल्याचा, घट्ट. उप्पीट सकाळचंच असतं, संध्याकाळी मागवू नका. मॅच बघायचे वेगळे पैसे नाहीत. एका चहावर दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही.

आता फळ्याबद्दल, कारण खाणं दुसरीकडंही मिळतं. पडद्याशेजारी शाळेत असतो तसला काळा फळा आहे. कुठला क्लब कुठल्या वाटेनं आशियाच्या किंवा युरोपच्या स्पर्धेत पोचला, ते मामा त्यावर खडूनं लिहितात. नावं मराठीत आणि शेजारी कन्नडमध्ये, कारण बैलहोंगल-गोकाककडची पोरंही येतात.

आशियाची बाजू तीन पायऱ्यांची. वर चॅम्पियन्स लीग एलीट, मधे चॅम्पियन्स लीग टू, खाली चॅलेंज लीग. 2024-25 पासून ही रचना आली. 2025-26 पर्यंत आपल्या क्लबांची वाट मधल्या पायरीवर जायची, तीही दोन दारांनी. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये साखळीत पहिला येऊन शिल्ड जिंकणारा थेट गटात, म्हणजे मुख्य स्पर्धेत, जायचा. सुपर कप ही आपल्याकडची वेगळी स्पर्धा, ती जिंकणाऱ्याला आधी एक पात्रता सामना खेळावा लागायचा. माझ्या मुलींना वाटायचं, साखळीनंतर टीव्हीवर आयएसएलची फायनल जिंकून जो चषक उचलतो तोच आशियात जातो. मामा म्हणाले, "कप जिंकलेला नव्हे पोरींनो, शिल्ड जिंकलेला जातोय बघा." आणि मे 2024 चं उदाहरण लिहून दाखवलं. फायनलमध्ये मुंबई सिटीनं मोहन बागानला 3-1 नं हरवलं, पण पुढच्या मोसमात आशियात गेले ते शिल्डवाले मोहन बागान आणि सुपर कपवाले ईस्ट बंगाल. वर्षभर दर आठवड्याला गुण गोळा करणाऱ्याला मान मिळावा, हे मला मनापासून पटतं. मुलींनाही मी हेच सांगत असते, सरावाच्या दिवशी पाऊस असला तरी या.

ऑगस्ट 2025 मधली एफसी गोवा आणि ओमानच्या अल-सीबची मॅच आम्ही इथंच बघितली. मॅचआधी मामांनी फळ्यावर दोन बाण काढले. जिंकला तर गट, हरला तर चॅलेंज लीग. आदल्या वर्षी ईस्ट बंगालचं तसंच झालं होतं, तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असिरकडून 2-3 हरून ते खालच्या पायरीवर आले. ते दोन बाण समोर असल्यामुळं प्रत्येक कॉर्नरला काय पणाला लागलंय ते सगळ्यांना कळत होतं. गोवा 2-1 नं जिंकलं. मे महिन्यात भुवनेश्वरला जिंकलेल्या सुपर कपचं फळ गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानात मिळालं, आणि पुढं गटात समोर आला रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र. ऑक्टोबरच्या त्या मॅचला इथली काही पोरं जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गेली. रोनाल्डो आला नाही, गोवा 1-2 हरलं, तरी ब्रायसन फर्नांडिसचा गोल प्रत्यक्ष बघितल्याचं पोरं अजून सांगतात.

युरोपची बाजू जास्त गजबजलेली. बहुतेक मॅचेस मध्यरात्रीनंतर असतात आणि हॉटेल दहाला बंद होतं, त्यामुळं दुसऱ्या संध्याकाळी फक्त हायलाइट्स. पण फळा वाचण्यासारखा आहे. चॅम्पियन्स लीगला 36 क्लब. प्रत्येक देशाच्या क्लबांनी मोसमात युरोपच्या स्पर्धांत मिळवलेल्या गुणांची बेरीज करून क्लबांच्या संख्येनं भागायचं, आणि पहिल्या दोन देशांना एकेक जादा जागा. 2024-25 च्या खेळावर ती इंग्लंड आणि स्पेनला मिळाली. त्याखाली मामांनी इंग्लंडचा क्लब टॉटनहॅम लिहिलाय. आपल्या लीगमध्ये सतरावे, पण युरोपची दुसऱ्या पायरीची युरोपा लीग जिंकले म्हणून चॅम्पियन्स लीगमध्ये. त्याला लागूनच क्रिस्टल पॅलेस. इंग्लंडचा एफए कप जिंकूनही त्यांना युरोपा लीगमधून खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं, कारण त्यांच्या एका मालकाचा त्याच युरोपा लीगमधल्या फ्रान्सच्या लिऑन क्लबमध्येही वाटा होता. मैदानावर मिळवलेलं कागदावर जातं, हे मला फार लागतं.

आणि याच कारणानं मी मामांना एक गोष्ट विचारली. फळ्यावर बायकांचा फुटबॉल कुठं आहे? ऑगस्ट 2022 मध्ये गोकुलम केरळच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. भारतीय लीग जिंकून त्यांनी ती जागा कमावली होती. नेमकं तेव्हाच फिफानं भारतीय महासंघाला निलंबित केलं आणि त्यांना एकही सामना न खेळता परत यावं लागलं. काही दिवसांत निलंबन उठलं, पण तोवर त्यांची संधी गेली होती. मामांनी ऐकून घेतलं आणि काही न बोलता फळ्याच्या खालच्या भागातली जाहिरात पुसली. आता तिथं नवा रकाना आहे. महिला लीगचा विजेता, तिथून आशियाई महिला चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी, तिथून गट. 2025 मध्ये ईस्ट बंगालच्या मुलींनी नॉम पेनला कंबोडियाच्या क्लबला 1-0 हरवलं, हाँगकाँगच्या किचीशी बरोबरी केली आणि गटात गेल्या. वूहानला इराणच्या बाम खातूनवर 3-1 नं विजयही मिळवला. आमची गोलकीपर ते सगळं वहीत उतरवून घेते.

उणीव सांगायलाच हवी. उन्हं असेपर्यंत पडदा फिका दिसतो, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावायला हवा. स्पीकर एकाच कोपऱ्यात आहे. स्वच्छतागृह एकच, स्वच्छ असतं पण कडी नीट बसत नाही. मामांना सांगितलंय, ते करतील असं वाटतं.

मुलींचा गट नेणार असाल तर आदल्या दिवशी जाऊन सांगा, मामा फळ्याकडची बाकं राखून ठेवतात. खानापूरकडं परत जाणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून घ्या, जादा वेळेत गेलेली मॅच अर्ध्यावर सोडायची पाळी येऊ नये.