‘शुद्ध मेरिनो’ म्हणून घेतलं आणि निघालं ॲक्रिलिक

मी साताऱ्यात राहते. तीस वर्षांहून जास्त काळ विणते आहे, तरी मागच्या दिवाळीनंतर लोकर घेताना फसले. थंडी पडली की इथे हॉल भाड्याने घेऊन चार-चार दिवसांचे सेल लागतात, आणि माझ्यासारख्या विणणाऱ्या बायका तिकडे हमखास जातात. म्हणून झालं ते सगळं लिहिते आहे.

माझी आई पाचगणीला भावाकडे असते, वय ८२. तिच्यासाठी पुढून उघडा, बटणांचा स्वेटर करायचा होता. आपण मराठीत विणायच्या कुठल्याही धाग्याला सरसकट ‘लोकर’ म्हणतो. मेंढीची असो की कारखान्यात बनणारा कृत्रिम धागा, म्हणजे ॲक्रिलिक, दोन्ही लोकरच. त्यामुळे मी विक्रेत्याला मुद्दाम विचारलं, “खरी मेंढीची आहे का?” तो म्हणाला, “ताई, शुद्ध मेरिनो. गालाला लावून बघा.” मेरिनो ही मऊ लोकरीच्या मेंढीची जात. लावून बघितली, फार मऊ होती. पण ॲक्रिलिकही तितकंच मऊ असतं, उलट आपल्याकडच्या माणदेशी मेंढीची अस्सल लोकर अंगाला टोचते. मऊपणावरून काहीच ठरत नाही.

मी जाळून दाखवा म्हटलं. त्याने टेबलावरच्या वाटीतला धाग्याचा तुकडा उचलला आणि लायटर लावला. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत बाजूला करताच धागा विझला, राख बोटात चुरली. अगदी खऱ्या लोकरीची लक्षणं. माझं समाधान झालं. तो तुकडा आधीच कापून ठेवलेला होता, मी घेत होते त्या गुंड्यातला नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. माझी फसवणूक झाली ती नेमकी इथे.

१०० ग्रॅमचे ५ गुंडे, प्रत्येकी ३८० रुपये, एकूण १,९०० रुपये रोख दिले. पावती साध्या कागदावर, त्यावर दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही. वेष्टनावर मेंढीचं चित्र आणि ‘मेरिनो’ एवढंच. तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, किंमत, लॉट नंबर काही नव्हतं.

९ नंबरच्या सुयांवर पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले. पाठीच्या मध्यावर दुसरा गुंडा जोडला तिथे रंगाचा पट्टा दिसायला लागला. एका रंगाचे गुंडे वेगवेगळ्या घाण्यांत रंगवलेले असले की असं होतं, म्हणून सगळे गुंडे एका लॉटचे बघून घ्यायचे असतात. मी मनाची समजूत घातली. मग दुसऱ्या बाहीच्या कोपरापाशी लोकर संपली. ५०० ग्रॅममध्ये या मापाचा स्वेटर होऊन थोडी उरायला हवी होती. विणलेले सगळे तुकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तर ४१८ ग्रॅम भरले. हॉलवर गेले तर तिथे लग्नाचा मांडव घालत होते. पावतीवरचा मोबाइल बंद. शेवटी नेहमीच्या दुकानातून जुळणाऱ्या रंगाचं ॲक्रिलिक आणून बाही पुरी केली.

पाचगणीला आईने आठ दिवस स्वेटर घातला. काखेत धाग्याचे बारीक गोळे धरले, आणि ऊन पडलं की आतून घाम साचतो म्हणाली. लोकर घाम शोषून घेते, ॲक्रिलिक जवळजवळ शोषत नाही. मी तो धुऊन पिळत होते तर आई जवळ आली, ओली बाही नाकाशी धरली आणि म्हणाली, “ह्याला मेंढराचा वास न्हाई गं.” आईचं माहेर दहिवडीकडचं. तिच्या वडिलांचं घोंगडं पावसात भिजलं की घरभर वास सुटायचा, तो वास तिला अजून ओळखू येतो.

धुऊन-प्रक्रिया केलेल्या लोकरीला वास कमी असू शकतो, म्हणून मी निरांजन लावलं. शिवणीतून उरलेला, त्याच गुंड्यातला धागा चिमट्यात धरला. ज्योत लागायच्या आधीच धागा आक्रसला, मग भसकन पेटला, वितळून थेंब झाला. घशाला झोंबणारा धूर. थंड झाल्यावर टोकाला काळी, मण्यासारखी टणक गाठ, दाताखाली धरली तरी फुटेना. लोकरीची राख कधी अशी होत नाही. आईच्या अंगावर हे होतं आणि ती सकाळी शेगडीजवळ बसते, या विचाराने माझे हात कापायला लागले.

ॲक्रिलिक वाईट नाही. रोज धुवायच्या कपड्याला मीही वापरते, पण ॲक्रिलिक म्हणून आणि ॲक्रिलिकच्या भावात.

आता मी विकत घ्यायच्या गुंड्याचंच टोक ओढून घेते आणि पाण्याच्या ताटलीवर स्वतः जाळते. गाठ अर्धी चुरली, अर्धी टणक राहिली आणि वास केसाचा आला तर मिश्रण समजायचं. दुकानदार नको म्हणाला तर तिथून निघते. काट्यावर वजन करून मागते, आणि पक्क्या बिलावर ‘१०० टक्के लोकर’ असं लिहून घेते. नाव-पत्ता नसलेलं पाकीट विकणं मुळात नियमाबाहेर आहे, त्याची तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मीही फोन केला, पण विक्रेत्याचं नावच हातात नव्हतं. निदान मोबाइलवरून पैसे दिले असते तर काहीतरी माग राहिला असता.

त्या दिवशी माझ्याबरोबर शेजारच्या दोघींनी तिथूनच लोकर घेतली होती. एकीचे गुंडे अजून फोडलेलेही नव्हते. तिच्या ओट्यावर आम्ही तिन्ही रंगांचे धागे जाळून बघितले. तिन्हींना तीच काळी गाठ आली.