काखेतली शिवण आणि उघडी झिप: उन्हाळी बेस लेअर, एप्रिल ते नोव्हेंबर

उजव्या काखेतली शिवण पारसिक हिलच्या चढावर सायकल चालवताना उसवली. आधी वाटलं बिबचा, म्हणजे खांद्यावरून पट्टे येणाऱ्या सायकलिंगच्या चड्डीचा, पट्टा पिळला गेलाय. वर पोचून जर्सीत हात घातला तर बोट सरळ कातडीला लागलं. १,७५० रुपयांची बिनबाह्यांची जाळीची बंडी, आणि फाटली कुठे, तर मागच्या खिशात हात घालताना जिथे ताण येतो नेमकी तिथे. दुकानदार बदलून देत नाही, कंपनी ऐकून घेत नाही. "उन्हाळ्यात बेस लेअर (जर्सीच्या आत घालायची अशी बंडी) घालावा का" असं आमच्या सायकलिंगच्या ग्रुपवर सारखं कुणीतरी विचारत असतं, म्हणून एप्रिलपासूनचं सगळं एकदाच लिहून टाकते.

मी नवी मुंबईत नेरूळला राहते. रोजचा रस्ता पाम बीच रोड, बेलापूरच्या किल्ला जंक्शनपर्यंत आणि परत. सुट्टीला पारसिक हिल, कधी ऐरोली पुलावरून ठाण्याला जाऊन येऊरचा डोंगर. बंडी घेतली ती घामोळ्यांमुळे. बिबचे पट्टे पाठीवर जिथे घासतात तिथे दर उन्हाळ्यात लाल पुरळ उठायचं आणि ऑफिसात खुर्चीला पाठ टेकवणं नको व्हायचं. जर्सीच्या आत, बिबच्या पट्ट्यांच्याही आत घालायची, म्हणजे पट्टा आणि कातडी यांच्यात जाळी येते. हिशोब एवढाच होता.

मे महिन्यात माझं मत असं होतं की आपल्या हवेला हे नको. पहाटे साडेपाचला पाम बीचवर गार वाटतं खरं, पण दिवसातला सगळ्यात जास्त दमटपणा त्याच वेळेला असतो. पायडलवर १५० वॉट देत असलात तर अंगात त्याच्या तिपटीहून जास्त उष्णता तयार होते. ती बाहेर टाकायचा मुख्य रस्ता म्हणजे घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तर! हनुवटीवरून सायकलच्या आडव्या नळीवर टपकला तो वाया गेला. कपड्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की कापड घाम ओढून घेतं. ओढून घेतलेला घाम हवेने उचलायला तर हवा, आणि मे महिन्यातली आपली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. सानपाड्याच्या सिग्नलला थांबलं की बंडी, बिब, जर्सी सगळं एकत्र अंगाला चिकटायचं आणि एक थर उगाच वाढवला असं वाटायचं.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगते. २०२३च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावर उष्माघाताने १४ माणसं गेली, आणि त्या दिवशी पारा चाळिशीलाही पोचलेला नव्हता. समुद्रकाठचं ऊन नुसत्या आकड्यावर जोखता येत नाही. "हे आत घाल, मग उन्हातही चालवता येतं" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आठच्या आत घरी यायचं आणि पाण्यात मीठ-साखर घालून न्यायचं, याला ही बंडी पर्याय नाही.

घामोळं मात्र मे महिन्यातच कमी झालं. कारण साधं आहे. पॉलिएस्टरचा धागा स्वतःत ओलावा धरतच नाही म्हटलं तरी चालेल, जेमतेम अर्धा टक्का. सुती धागा नुसत्या हवेतूनच आठेक टक्के घेऊन बसतो. शिवाय जाळीमुळे ओली जर्सी कातडीवर सपाट बसत नाही, मध्ये थोडी फट राहते. बाबा उन्हाळ्यात जाळीची बनियन घालायचे त्यामागेही हीच अक्कल होती, फक्त ती सुती असल्यामुळे एकदा भिजली की दुपारपर्यंत ओलीच. म्हणजे मेअखेरीस माझा निकाल असा होता: पुरळासाठी चांगली, गारव्यासाठी शून्य, आणि नुसत्या पुरळासाठी १,७५० रुपये जास्त.

हे मत फिरलं ते झिपमुळे.

पारसिक हिलच्या चढावर वेग ताशी आठ-नऊ किलोमीटरवर येतो आणि अंगाला वारा असा लागतच नाही. ग्रुपमधले पुरुष अशा वेळी जर्सीची झिप बेंबीपर्यंत उघडून टाकतात. मी इतकी वर्षं ती कधी चार बोटांच्या खाली आणली नव्हती. हिलवर सकाळी फिरायला अर्धं बेलापूर आलेलं असतं, त्यात ओळखीचे असतात, अनोळखी असतात, आणि आत फक्त स्पोर्ट्स ब्रा असताना झिप उघडायची माझी तयारी नव्हती. या बंडीचा पुढचा भाग दाट विणीचा आहे, पाठ आणि बाजू मोकळ्या जाळीच्या. जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आधीच्या त्या कोंडलेल्या हवेत, मी पहिल्यांदा झिप पूर्ण खाली ओढली. जर्सी दोन्ही बाजूंना सुटली, वारा छातीवरून आत शिरला आणि पाठीकडून बाहेर पडला. चढ तोच, गिअर तोच, पण डोक्यात जे ठणकायला लागतं ते लागलं नाही. कुणी वळूनही बघितलं नाही. बंडी घातलेली बाई, बस.

म्हणून बायकांना माझं सांगणं आहे: ही वस्तू स्वतः गार करत नाही, ती झिप उघडायची मोकळीक देते, आणि गारवा त्या मोकळिकीतून येतो. हे एकाही जाहिरातीत मी वाचलेलं नाही. फिकट रंगाची जर्सी घामाने आरपार दिसायला लागते तोही प्रश्न यातच मिटला. दोन वर्षं कपाटात पडलेली पांढरी जर्सी मी बाहेर काढली.

पावसाळ्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. भिजतं, वाळतं.

ऑक्टोबरने मात्र हिची खरी किंमत दाखवली. पाऊस माघारी गेला की वारे जमिनीकडून, पूर्वेकडून यायला लागतात आणि समुद्राचा वारा उशिरा सुटतो. ऊन भाजून काढतं, पण हवा मेपेक्षा कोरडी असते. तेव्हा ही बंडी जाहिरातीत सांगतात तसं काम करते. उपवनच्या तलावापासून येऊरच्या वरच्या पाड्यापर्यंत झिप उघडी, उतरताना झिप बंद, आणि खाली तलावाशी येईपर्यंत पाठ कोरडी. मे महिन्यात पाचापैकी दोन गुण दिले असते, ऑक्टोबरमध्ये चार.

पाचवा गुण शिवणीने खाल्ला. बंडी उलटी करून नीट बघितली तेव्हा कळलं. काखेच्या गोलाईला लवचीक पट्टी लावलीय आणि ती थेट मोकळ्या जाळीवर ओव्हरलॉक मारून जोडलीय. सुई जाळीच्या दोनच ओळी पकडते. त्यातल्या निम्म्या ठिकाणी ती भोकात उतरते, म्हणजे दोऱ्याने काहीच धरलेलं नाही. ताण आला की दोरा तुटत नाही, जाळीच सुटते. पुढचा भाग दाट विणीचा करता येतो तर काखेत बोटभर दाट कापड घालायला काय अडचण होती? तिथेच ब्राची कड येते, तिथेच बिबचा पट्टा येतो, सगळ्यात जास्त घर्षण तिथेच.

दुकानदाराचं म्हणणं, "मॅडम, हे इनरवेअरमध्ये येतं, इनरवेअर आम्ही परत घेत नाही." वापरलेला कपडा दुसऱ्याला विकू नका हे मलाही पटतं. पण मी तो आवडला नाही म्हणून परत देत नव्हते, शिलाई सदोष आहे म्हणून दाखवत होते. कंपनीला फोटो पाठवले, उसवलेल्या बाजूचे आणि उसवायच्या बेतात असलेल्या बाजूचेही. उत्तर आलं की ही वापरामुळे झालेली झीज आहे. दोन्ही काखांत, एकाच जागी, एकाच प्रकारे? झीज अशी मोजूनमापून होत नाही.

शेवटी नेरूळ स्टेशनबाहेर अल्टरेशन करणाऱ्या मावशींकडे गेले. त्यांनी बंडी उजेडात धरली, दोन्ही अंगठ्यांनी काख ताणली आणि म्हणाल्या, "ताई, जाळीला शिवण धरत नाही, कापडाला धरते." माझ्या जुन्या लेगिंग्जची दोन बोटं रुंद पट्टी कापून त्यांनी जाळी आणि कडेच्या मध्ये घातली आणि वरून झिगझॅग टाका मारला, कारण सरळ टाका ताणला की तुटतो. दोन्ही काखांचे ६० रुपये. तेव्हापासून ती शिवण हललेली नाही. जे काम मावशींना उभ्या उभ्या दिसलं ते कारखान्यात कुणाला दिसू नये याचा मला अजून राग येतो.

धुण्याबद्दल. पॉलिएस्टरला घामाचा वास सुतीपेक्षा जास्त चिकटतो, त्यामुळे घरी आल्याबरोबर साध्या पाण्यातून काढायचीच, बादलीत टाकून ऑफिसला जायचं नाही. वास बसलाच तर पाण्यात थोडा व्हाइट व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवायची. कपडे मऊ करणारं लिक्विड वापरू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम ओढून पसरवायचं काम मंदावतं. मशीनमध्ये टाकाल तर धुण्याच्या जाळीच्या पिशवीत, ग्लोव्हजपासून लांब. माझ्या ग्लोव्हजच्या वेल्क्रोने खांद्याजवळचे धागे ओढून काढलेत.

आणि एक अडचण जी पुरुषांच्या अनुभवात कधीच येत नाही. बिब असेल तर बाथरूमला जाताना जर्सी काढा, पट्टे उतरवा, आणि वर ही बंडी आत खोचलेली. पेट्रोल पंपाच्या ओल्या बाथरूममध्ये जर्सी टांगायला खिळाही नसतो. लांबीला थोडी आखूड, कमरेपर्यंतच येणारी बंडी मिळाली तर तीच घ्या.

घेताना दुकानात उलटी करून काख बघा. जाळी थेट पट्टीला शिवलेली दिसली तर ठेवून द्या. मापात थोडी घट्टच हवी, सैल राहिली की पट्ट्याखाली चुण्या पडतात आणि नवीन पुरळ तिथूनच सुरू होतं. बिल, खोकं आणि आतलं लेबल जपून ठेवा. मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवलीय, मावशींच्या ६० रुपयांसकट. कंपनीचं उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.