उपकेंद्र की अतिदक्षता विभाग? बी.एस्सी. नर्सिंगनंतरच्या दोन वाटा

सांगली-मिरजेत बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करणाऱ्यांपुढे आज दोन वेगळ्या वाटा आहेत: गावपातळीवरील सरकारी आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजेच सीएचओ, आणि अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जादा प्रशिक्षण घेऊन ठरावीक चौकटीत उपचाराचे निर्णय घेणारी परिचारिका. दोन्हींत परिचारिकेला नेहमीपेक्षा अधिक निर्णय घ्यावे लागतात, परंतु ते कोणते आणि कोणाच्या आधाराने, यात मोठा फरक आहे.

सीएचओचे पद २०१८ मध्ये सुरू झालेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांसोबत आले. निकषाप्रमाणे सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. त्यामुळे जतच्या वाड्यावस्त्यांवर रुग्ण नुसता केसपेपर राहत नाही, त्याचे घरही माहीत होते. तिशीपुढील सर्वांचा रक्तदाब व साखर तपासणे, डॉक्टरांनी सुरू केलेली औषधे पुढे चालू ठेवणे आणि गरज पडल्यास ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांचा सल्ला घेणे, हे रोजचे काम. एखादी आजी पोलक्याची बाही वर सारून दंड पुढे करते, वरचा आकडा १७० दिसतो आणि गोळ्या का सोडल्या असे विचारल्यावर ती सांगते, “बरं वाटत होतं म्हणून.” अशा वेळी तिला न रागावता समजावून आठवड्याने परत बोलावणे, हाच निम्मा उपचार असतो. अमेरिकेत १९६५ मध्ये नर्स प्रॅक्टिशनर ही संकल्पना मांडणाऱ्या लोरेटा फोर्ड सार्वजनिक आरोग्य परिचारिका होत्या, हे लक्षात घेता मला मूळ कल्पनेच्या जवळचे काम हेच वाटते. मात्र नेमणूक कंत्राटी असते, मोबदल्याचा काही भाग कामगिरीवर ठरतो आणि ऑनलाइन नोंदींत बराच वेळ जातो.

दुसरी वाट भारतीय परिचर्या परिषदेच्या दोन वर्षांच्या निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमाची आहे. त्यासाठी किमान एका वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव लागतो आणि शिक्षणाचा बहुतांश वेळ रुग्णाच्या खाटेशीच जातो. पहाटे तीनला व्हेंटिलेटरचा अलार्म वाजल्यावर नळीत कफ अडकला आहे की फुफ्फुसच साथ देत नाही, हे काही क्षणांत ओळखणे आणि लेखी प्रोटोकॉलच्या चौकटीत पुढचे पाऊल उचलणे, असे हे कौशल्य आहे. अडचण एवढीच, की पदवी मिळाली तरी त्या नावाचे पद प्रत्येक रुग्णालयात असतेच असे नाही.

म्हणून ज्यांचा ओढा आयसीयूकडे आहे त्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी, जिथे पुढे काम करायचे आहे त्या रुग्णालयात हे पद, त्याचे वेतन आणि लेखी अधिकार आहेत का, हे स्पष्ट विचारावे. उत्तर “बघू” असे आले, तर आणखी वर्षभर आयसीयूतच स्टाफ नर्स म्हणून काम करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.